फायनल फँटसी ५ : कोणता जॉब कधी घ्यायचा आणि काय शिकून सोडायचा

ज्याला सलग दोन तास कधी मिळत नाहीत, पण दहा-दहा मिनिटं हवी तेवढी मिळतात, त्याच्यासाठी हा गेम आहे. आमची हळद वसमतकडं. रात्रपाळीची लाईट असली की मोटार चालू करून आखाड्यावर बसायचं, अधूनमधून उठून पाणी कुठवर आलं ते बघायचं, वाफा भरला की पाणी दुसरीकडं मोडायचं. मोबाईलला रेंज एक कांडी, तीही असली तर असली. ऑनलाईन गोळीबाराच्या गेममध्ये फोन खाली ठेवला की मेलात. हा मात्र अर्धा सोडून उठता येतो आणि चिखलाचे हात धुऊन आल्यावर तिथूनच धरता येतो.

आमच्या नात्यातल्या पोरांना मी बऱ्याच जणांना हा गेम लावून दिला. यात चार पात्रं असतात आणि प्रत्येकाला एक जॉब, म्हणजे लढायचा धंदा, द्यायचा असतो. त्यामुळं कितीतरी पोरं पहिल्या क्रिस्टलनंतर, म्हणजे पहिला टप्पा पार झाल्यावर, जॉबची यादी बघूनच गोंधळली. नांदेडला शिकणाऱ्या भाच्यानं तर फोन करून विचारलं, ‘मामा, चौघांनाबी नाईटच करायलोय, चालतंय का? मारतो लई जोरात.’ म्हटलं, ‘कर की. मग मलमपट्टीला कोण येणार, तुझा मामा?’ (नाईट म्हणजे कवचवाला तलवारबाज.) त्याला जे फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं तेच इथं एकत्र लिहितो.

घेताना

गेम जुना आहे. डिसेंबर १९९२ मध्ये जपानात सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर स्क्वेअर कंपनीनं काढला. इंग्रजीत अधिकृतपणे यायला १९९९ उजाडलं, तेही प्लेस्टेशनवर. मोबाईलवर आता मिळतो त्याच्या नावापुढं ‘पिक्सेल रीमास्टर’ असं लिहिलेलं असतं, तो नोव्हेंबर २०२१ चा. चित्रं तीच ठोकळ्याठोकळ्यांची, फक्त नीट रंगवून घेतलेली. एकदाच पैसे भरायचे. नंतर जाहिरात नाही, हिरे विकत घ्या असा तगादा नाही. फुकटच्या मॉड एपीकेच्या, म्हणजे कुणीतरी मोडतोड करून वाटलेल्या गेमच्या फाईलच्या नादी लागू नका. ज्या फोनवर यूपीआय आहे त्यावर कुठून आली ते माहीत नसलेली फाईल टाकायची नसते.

व्हिडिओ बघून खेळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. २००६ मध्ये हातात धरून खेळायच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर जी आवृत्ती आली तिच्यात नेक्रोमान्सर, ओरॅकल, कॅननियर, ग्लॅडिएटर असे चार जॉब जादा होते. ते रीमास्टरमध्ये नाहीत. इथं फ्रीलान्सर आणि मिमिक धरून २२ जॉब आहेत. ‘नेक्रोमान्सर घ्या’ म्हणणारा व्हिडिओ लागला तर तो बंद करा, तुमच्या फोनवर तो कधीच येणार नाही.

भाषा इंग्रजी ठेवावी लागते. मराठी सोडाच, हिंदीही नाही. पण घाबरायचं कारण नाही. रोज लागणारे शब्द मोजके आहेत: जॉब, अ‍ॅबिलिटी, इक्विप, मॅजिक, आयटम, सेव्ह. गोष्ट समजायला इंग्रजी लागतं, लढायला फारसं नाही. आणि गोष्ट काय, चार क्रिस्टल फुटतायत आणि ती वाचवायला चौघं धावतायत. वारा, पाणी, विस्तव, माती असा क्रम आहे आणि प्रत्येक क्रिस्टलनंतर नवे जॉब हातात पडतात.

सुरू केल्याबरोबर कॉन्फिगमध्ये जाऊन लढाईची पद्धत ‘वेट’ करा. लढाईत प्रत्येकाची पट्टी भरत जाते, भरली की त्याची पाळी. ‘अ‍ॅक्टिव्ह’ ठेवलं तर तुम्ही जादूची यादी वाचत बसलात तरी समोरचा मारतच राहतो. ‘वेट’मध्ये जादूची किंवा वस्तूंची यादी उघडली की घड्याळ थांबतं. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला एवढी सवलत हवीच. त्याच कॉन्फिगमध्ये बूस्ट म्हणून एक भाग आहे: अनुभव, पैसे, एबीपी (जॉबचे गुण) दुप्पट-चौपट करता येतात, वाटेत अचानक होणाऱ्या लढायाही बंद करता येतात. मी म्हणेन पहिला क्रिस्टल होईपर्यंत हात लावू नका. चौपटीवर खेळलात तर जॉब बदलण्याची गरजच पडत नाही, आणि मग या गेमात उरतं काय?

जॉब म्हणजे नक्की काय

आमच्या गावात एक जण आहे. आधी वायरमनच्या हाताखाली होता, मग ट्रॅक्टरवर गेला. आज त्याचा धंदा ट्रॅक्टरचा, पण रात्री कुणाचा फ्यूज गेला की त्यालाच उठवतात. जॉबचं हेच आहे. आत्ता अंगावर एक धंदा, आणि सोबत मागच्या धंद्यातून आणलेली एक कला.

गेमच्या भाषेत सांगायचं तर लढाई जिंकली की दोन गोष्टी मिळतात. अनुभवानं माणूस मोठा होतो, तो कोणत्याही जॉबमध्ये असला तरी. एबीपी मात्र त्या वेळी जो जॉब अंगावर असेल त्याच्याच खात्यात जातात. खातं भरत गेलं की त्या जॉबची एकेक अ‍ॅबिलिटी पक्की होते. पक्की झालेली अ‍ॅबिलिटी माणसाची, जॉबची नाही. दुसरा जॉब घेतला तरी ती एका रिकाम्या जागेत बसवता येते. जागा मात्र बहुतेक जॉबांत एकच. सगळा खेळ त्या एका जागेत काय बसवायचं याचा आहे.

म्हणून माझा एकच नियम आहे: जॉब घेताना तो आत्ता किती मारतो हे बघू नका, सोडताना काय घेऊन निघणार ते बघा. नाईट दिसायला भारी आहे, पण कवच घालून फिरणं ही काही सोबत न्यायची गोष्ट नाही. त्याच्याकडं न्यायची गोष्ट आहे ‘टू-हँडेड’, म्हणजे ढाल टाकून एकच तलवार दोन्ही हातांनी धरून जोरात मारणं. नाईटचे टप्पे १०, ३०, ५०, १००, १५० आणि ३५० एबीपीचे. टू-हँडेड तिसऱ्यावर येतं. सुरुवातीला एका लढाईला एखादा-दुसराच एबीपी मिळतो, त्यामुळं पहिले तीन टप्पे जरा वेळ खातात, पण आवाक्यातले आहेत. ३५० वाला शेवटचा टप्पा तेव्हाच गाठायला बसू नका, पुढं एबीपी भराभर मिळतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. जॉब मेनूतून कधीही बदलता येतो, दंड नाही, फक्त लढाईच्या मध्ये बदलता येत नाही. बदलल्यावर एकदा इक्विपमध्ये डोकवा. नव्या जॉबला न चालणारं सामान उतरलेलं असतं आणि माणूस तसाच उघडाबंब लढायला जातो. दुसरं, फ्रीलान्सर म्हणजे सुरुवातीचा बिनजॉबचा माणूस. त्याच्यावर एबीपी जमा होत नाहीत. पहिले जॉब हातात आल्यावर कुणालाही फ्रीलान्सर ठेवून फिरवणं म्हणजे लढाया वाया घालवणं.

पहिला क्रिस्टल आणि त्यानंतर

वाऱ्याच्या मंदिरात पहिला मोठा शत्रू विंग रॅप्टर भेटतो, तोवर जॉब नसतातच. त्यानं पंख मिटले की मारायचं नाही, उलटा फटका बसतो. पंख उघडले की मारायचं. एवढं कळलं तर तो सोपा आहे. मग क्रिस्टल फुटतो आणि सहा जॉब मिळतात: नाईट, माँक, थीफ, व्हाईट मेज, ब्लॅक मेज, ब्लू मेज. (मेज म्हणजे जादूगार; व्हाईट बरं करणारा.)

बार्ट्झ, लेना, गॅलुफ, फॅरिस, चौघांच्या अंगभूत ताकदीत फरक आहे, पण एवढासा. ‘लेना बाई आहे म्हणून तिला मलमपट्टीला ठेवू’ असा विचार करू नका; माझ्याकडं तीच मुठीनं मारत होती. माझी पहिली मांडणी अशी: एक नाईट, एक माँक, एक व्हाईट, एक ब्लू. ब्लॅक मेज घेतला तरी चालतो, पण जादू दुकानातून विकत घ्यावी लागते आणि सुरुवातीला खिशात गिल, म्हणजे गेममधले पैसे, कमी असतात. माँकला शस्त्रच लागत नाही, त्यामुळं तो सगळ्यात स्वस्त पडतो.

ट्यूल गावात नवख्यांसाठी एक घर आहे, आत जाऊन सगळ्यांशी बोला, गेमच्या बऱ्याच गोष्टी तिथं कळतात. तिथूनच पांढरी जादू घ्या.

आता माँककडून काय न्यायचं? दुसऱ्या टप्प्यावर ‘बेअरहँडेड’ येतं, ३० एबीपीत. ही अ‍ॅबिलिटी पहिल्या भागातला सगळ्यात फायद्याचा सौदा आहे. ती ज्याच्या अंगात बसवाल त्याला माँकची मूठ तर मिळतेच, त्याची ताकदही मिळते. म्हणजे व्हाईट मेजला बसवली तर तोच मलम लावतो आणि तोच बुक्क्या मारतो. मी फॅरिसला आधी माँक केलं, बेअरहँडेड पक्कं झालं त्याच रात्री व्हाईट मेज केलं. अगदी हेच उलटंही होतं: व्हाईट मेजची पहिली पायरी फक्त १० एबीपीची. ती घेऊन माणसाला नाईट करा, नाईटच्या हातात ‘क्युअर’, म्हणजे जखम भरणारी जादू, येतो. उंचावरची जादू मात्र त्याला मिळत नाही, जेवढी पायरी शिकला तेवढीच.

जहाजांच्या स्मशानात सायरन भेटते. ती मध्येच रूप बदलून भूत होते. भूत झाली की तिला मलमाचा त्रास होतो: जो क्युअर तुम्ही आपल्या माणसावर मारता तोच तिच्यावर मारा. भाच्याला हे सांगितल्यावर तो आधी हसला, मग चार मिनिटांनी फोटो पाठवला, सायरन खलास.

ब्लू मेजबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक त्याला निरुपयोगी समजून सोडतात. त्याची जादू दुकानात मिळत नाही. शत्रूनं ती तुमच्यावर मारली की तो शिकतो, म्हणजे मार खाऊनच ज्ञान. ‘लर्निंग’ ही अ‍ॅबिलिटी पक्की झाली की दुसऱ्या जॉबमध्येही ती बसवून शिकता येतं. आणि एकानं शिकलेली निळी जादू सगळ्या टोळीची होते. चाचेगुहेतल्या वटवाघळांकडून ‘व्हॅम्पायर’ मिळते, तिनं शत्रूचं रक्त आपल्याकडं येतं. पुढं ‘व्हाईट विंड’ मिळते: मारणाऱ्याच्या अंगात त्या क्षणी जितकं रक्त असेल तितकं सगळ्यांना मिळतं. म्हणून ती आजारी माणसाकडून मारून घेऊ नका, ज्याच्या अंगात पूर्ण रक्त आहे त्याच्याकडून मारा. प्राचीन ग्रंथालयात पुस्तकांची पानं अंगावर येतात. ‘पेज ६४’ नावाच्या पानाकडं ‘लेव्हल ५ डेथ’ आहे. शत्रूची लेव्हल पाचच्या पटीत असेल तर एका झटक्यात संपतो. मी हा गेम खेळताना पाढे पुन्हा म्हणायला लागलो, बायकोला वाटलं पोराचा अभ्यास घेतोय.

मधला भाग

पाण्याच्या क्रिस्टलनंतर टाइम मेज, समनर, रेड मेज, मिस्टिक नाईट, बर्सर्कर येतात. टाइम मेज घ्याच. ‘हेस्ट’ (आपला वेग वाढवणारी) आणि ‘स्लो’ (शत्रूला मंद करणारी) या दोन जादूंवर अर्धा गेम निघतो. रेड मेज दोन्ही जादू थोड्याथोड्या करतो, आणि त्याची ‘ड्युअलकास्ट’, म्हणजे एका पाळीत दोन जादू, ती ९९९ एबीपीला आहे. आत्ता तिच्या नादी लागणं म्हणजे आंब्याची कोय लावून त्याच उन्हाळ्यात आमरसाची ताटं मांडणं. शेवटच्या भागात बघा. बर्सर्कर स्वतःच्या मनानं मारतो, तुमचं ऐकत नाही. मला तो आवडत नाही.

कार्नाकच्या किल्ल्यात १० मिनिटांचं घड्याळ लागतं. तेवढ्यात बाहेर पडायचं आणि वाटेतल्या पेट्याही उघडायच्या. पेट्यांत चांगलं सामान आहे. इथं मात्र मोटार बंद असतानाच बसा, फोन बाजूला ठेवायची वेळ येऊ देऊ नका. लढाईतही घड्याळ चालू असतं, त्यामुळं फालतू लढाईतून पळून जाणंच शहाणपणाचं.

विस्तवाच्या क्रिस्टलवेळी जिओमान्सर मिळतो आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. सगळा जॉब मिळून २५, ५० आणि १०० एबीपीचा, एवढ्या स्वस्तात फार कमी जॉब पूर्ण होतात. त्याची ‘गाया’ जादू एमपी, म्हणजे जादूची शिदोरी, न खाता चालते. शिवाय तो सोबत असला की छुपे खड्डे दिसतात आणि तापलेल्या जमिनीवर पाय भाजत नाहीत. पुढं लाव्हाच्या गुहेत जाल तेव्हा नाव काढाल.

आता ज्यासाठी सगळे हा गेम धरून ठेवतात ती जोडी. निन्जाकडं ‘ड्युअल-वील्ड’, दोन्ही हातांत दोन शस्त्रं. रेंजरकडं ‘रॅपिड फायर’, एका पाळीत चार फटके. प्रत्येक अर्ध्या जोराचा, पण चुकत नाही आणि समोरच्याचं कवच मोजत नाही. ड्युअल-वील्ड ४५० एबीपीला, रॅपिड फायर ४०५ ला. एका माणसात दोन्ही आणली की दोन हात गुणिले चार, आठ फटके. त्यावर (फ्रीलान्सरला दोन जागा असतात, ते शेवटाकडं सांगतो) मिस्टिक नाईटची ‘स्पेलब्लेड’ चढवली, म्हणजे तलवारीला विजेची किंवा बर्फाची धार, तर प्रत्येक फटक्याला ती धार लागते. यासाठी एकाच माणसाला तिन्ही जॉबमधून फिरवावं लागतं. चौघांना फिरवायला जाल तर कुणाचंच पूर्ण होणार नाही. दोघं निवडा.

गोष्ट पुढं दुसऱ्या जगात जाते. तिथं बॅलचा किल्ला लागतो, त्याच्या तळघरात ‘ओब्जे दार’ नावाचे दगडी पुतळे भेटतात. त्यांच्याशी लढून एबीपी चांगले मिळतात. सोन्याची सुई, म्हणजे दगड झालेल्या आपल्या माणसाला बरं करायची वस्तू, ती त्यांच्यावर टाकली की जागेवर कोसळतात. लेव्हल ५ डेथनंही जातात. ऑटो बॅटल लावलं की माणसं शेवटचीच चाल पुन्हा करतात; लेव्हल ५ डेथ एकदा मारून ऑटो लावा आणि पाणी बघून या. एमपी संपलेत का एवढं मात्र परत आल्यावर आधी बघा.

याच भागात चौघांतलं एक पात्र जागा सोडतं. कोण ते सांगत नाही. पण ‘आता याच्यावर कशाला मेहनत’ म्हणून कुणाला मागं ठेवू नका, कारण त्याचा जॉबचा सगळा हिशोब जागेवर येणाऱ्या नव्या माणसाकडं जसाच्या तसा जातो.

शेवटाकडं

शेवटी सगळे फिरून पुन्हा फ्रीलान्सरच होतात, आणि इथं हिशोब कळतो. जो जॉब तुम्ही पूर्ण केला त्याची ताकद आणि काही अंगभूत गुण फ्रीलान्सरला आपोआप मिळतात. शिवाय अ‍ॅबिलिटीसाठी त्याला एकऐवजी दोन जागा आहेत आणि जवळपास सगळी शस्त्रं चालतात. म्हणून शेवटच्या गुहेत शिरायच्या आधी लढणाऱ्याचा माँक आणि निन्जा पूर्ण करा, जादूवाल्याचा समनर किंवा ब्लॅक मेज पूर्ण करा. अर्धवट सहा जॉबांपेक्षा पूर्ण दोन जास्त कामाचे. त्या दोन जागांत लढणाऱ्याला रॅपिड फायर आणि स्पेलब्लेड बसतात. ड्युअल-वील्ड निन्जा पूर्ण केल्यावर अंगातच येतं, तिला जागा लागत नाही.

मिमिक हा जॉब पाण्यात बुडालेल्या वॉल्सच्या मनोऱ्यात आहे. दम धरून ७ मिनिटांत तळ गाठायचा आणि तिथं गोगो भेटतो, जो तुमची नक्कल करतो. त्याला मारायला जाल तर त्याच जोरानं उलटं येईल. त्याला काय हवंय ते त्याच्या बोलण्यात आहे, नीट वाचा. घाईत कमांड दाबत सुटू नका.

दोन शत्रू असे आहेत की ते न मारताही गेम संपतो. ओमेगा नावाचं यंत्र शेवटच्या गुहेत उघड्यावर फिरत असतं, त्याला धक्का लागला की लढाई सुरू. त्याच्या बाजूनं जाताना थांबून, त्याची चाल बघून पुढं सरका. विजेची स्पेलब्लेड आणि रॅपिड फायर एका अंगात नसेल तर त्याच्या वाट्याला जाऊ नका. दुसरा शिनर्यू, तो एका पेटीत लपलेला आहे. पेटीत रॅग्नारॉक तलवार आहे हे खरं, पण उघडल्या उघडल्या तो पाण्याची लाट मारतो आणि तयारी नसली तर चौघंही जागेवर आडवे. कोरल रिंग पाण्याचा मार शोषून घेते. चौघांच्याही बोटात ती असेल, आणि पेटीसमोर उभं राहून क्विक सेव्ह दाबलेलं असेल, तरच हात घाला.